बुतिचा दर वेळी दगड होतो, नाहीतर पाणी सोडतो: काय चुकतंय?

बेसन शिजवलं, मऊसूत झालं, लिंबू पिळलं, तेल घातलं, चव बघितली, वा! झाकून ठेवलं. दोन तासांनी झाकण काढलं तर आत वडी. चमचा उभा राहतो. पुढच्या वेळी शहाणपणा करून पाणी वाढवलं, तर रात्री कढी आणि सकाळी कढीवर पाण्याचं तळं. इथिओपियन पद्धतीचा बुतिचा घरी करून बघणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची हीच रडकथा असते. मी स्वतः दीड वर्ष या दोन टोकांमध्ये हेलपाटे घातले, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: बुतिचा म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं, गार खायचं तोंडीलावणं. पीठ पाण्यात शिजवून गार करायचं, मग त्यात लिंबाचा रस, तेल, बारीक चिरलेला कच्चा कांदा, हिरवी मिरची, आवडत असेल तर लसूण आणि वाटलेली मोहरी. इंजेराच्या, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या मऊ, मोठ्या घावनासारख्या पोळीच्या, मोठ्या ताटात बाकीच्या भाज्या-डाळींच्या शेजारी याचा पिवळा ढीग असतो. लांबून बघितलं तर अंड्याची भुर्जीच वाटते. अंडं मात्र त्यात औषधालाही नसतं, कारण हा उपासाचा पदार्थ. इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय फासिकाच्या म्हणजे त्यांच्या ईस्टरच्या आधीचे ५५ दिवस, मांस, अंडी, दूध, लोणी, तूप काही खात नाहीत. आपल्या उपासाला डाळीचं पीठ चालत नाही, त्यांच्या उपासाला डाळीवाचून चालत नाही.

(माझी आई सांगलीची, तिकडे दहीभाताला दहीबुत्ती म्हणतात. नाव ऐकल्यावर तिने विचारलं, ‘कशाचा? दहीबुत्तीचा?’ तेव्हापासून आमच्या घरी याला बुत्तीचा असंच म्हणतात. फक्त ‘बुत्तीचा काय?’ हा प्रश्न अजून सुटलेला नाही.)

आधी एक गोंधळ बाजूला करतो. शिरो आणि बुतिचा हे दोन वेगळे पदार्थ. शिरो म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं, वाटाण्याचं किंवा बाकल्याचं, मसाला घालूनच दळलेलं पीठ, आणि त्या पिठाची कांदा-लसणाच्या परतणात शिजवलेली आमटीही. मातीच्या भांड्यातून रटरटत ताटावर येते. तिला आपल्या पिठल्याची आफ्रिकेतली बहीण म्हटलं तर फारसं चुकत नाही. ती गार झाल्यावर घट्ट होते अशी तुमची तक्रार असेल, तर गरम करून खा, विषय संपला. बुतिचा गारच खायचा असतो. म्हणून पिठलं जन्मभर केलेला हात इथे दगा देतो.

माझं काय चुकत होतं

बायकोच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं अदिस अबाबात होतो. शेजारी एक वयस्क बाई राहायच्या. तिकडे वडीलधाऱ्या बाईला आदराने ‘एतिये’ म्हणतात, आपण ताई किंवा काकू म्हणतो तसं. उपासाच्या दिवसांत त्यांच्याकडून दर आठवड्याला वाडगाभर बुतिचा यायचा. मी दोनदा त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहून कृती बघितली, वहीत लिहून घेतली. दोन्ही वेळा संध्याकाळी गेलो, पीठ शिजेपर्यंत थांबलो आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी वाडगा आला. मधल्या वेळात काय झालं ते मी कधी पाहिलंच नाही, आणि सगळी गोम तिथेच होती.

पुण्यात परत आल्यावर पहिला प्रयत्न: एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी. दगड. दुसरा प्रयत्न चार वाट्यांचा. मऊ वडी. तिसऱ्या वेळी पाच वाट्या, तर गार झाल्यावरही पळीतून ओघळतंय, आणि सकाळी वर बोटभर पाणी. मग दही घालून बघितलं, उपासाच्या पदार्थाचा सत्यानाश. तूप घालून बघितलं. मिक्सरमधून गरम गरम फिरवलं, तेव्हा झाकण उडून छतावर जे नक्षीकाम झालं त्याचा डाग अजून आहे. बेसनाचे तीन ब्रँड बदलले. पाणीसुद्धा बदललं.

शेवटी एतियेंच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि दोघींसमोर करून दाखवलं. पीठ शिजलं, आणि मी नेहमीप्रमाणे गॅस बंद करून त्यात लिंबू-तेल ओतायला लागलो. पलीकडे एतिये हसायलाच लागल्या. मुलीने भाषांतर केलं: ‘आई विचारतेय, तुम्हाला घाई कसली आहे?’ मग समजलं. त्या रात्री पीठ शिजवून, पातेल्यातच थापून, झाकून ठेवून देतात. सकाळी ते चांगलं कडक झालेलं असतं. ते हाताने फोडतात, कुस्करतात, आणि कुस्करताना थोडं थोडं लिंबू, तेल, पाणी रिचवतात. मी दीड वर्ष ज्या दगडाशी भांडत होतो तो त्यांच्या कृतीतला एक टप्पा होता.

असं का होतं

हरभऱ्याच्या पिठात स्टार्च भरपूर, आणि डाळींच्या स्टार्चमध्ये अमायलोज हा भाग तांदूळ-गव्हापेक्षा जास्त असतो. पाण्यात शिजवलं की स्टार्चचे कण फुगतात आणि अमायलोज बाहेर पडतं. गार होताना त्याचे लांब धागे एकमेकांत अडकून जाळं धरतात आणि पाणी त्या जाळ्यात कोंडलं जातं. सुरळीच्या वड्या ताटावरून अख्ख्या सुटतात त्या याच गुणामुळे. तिथे आपण या गुणाच्या जिवावर नाव कमावतो, आणि इथे त्याच गुणाला दोष म्हणतो.

गरम असताना कितीही पातळ केलं तरी जाळं अजून धरलेलंच नसतं, ते नंतर धरणार असतं. त्यामुळे गरम असतानाची मऊ चव ही निव्वळ फसवणूक. पाणी खूप वाढवलं तर जाळं विरळ धरतं, पाणी कोंडून ठेवण्याइतकी ताकद त्यात नसते, आणि तेच पाणी सकाळी वर दिसतं. याउलट जाळं पूर्ण धरू दिलं आणि मग ते मोडलं, तर बारीक मऊ दाण्यांचा लगदा होतो. या दाण्यांभोवती तेल आणि रस शिरतो. मोडलेलं जाळं पुन्हा पहिल्याइतकं घट्ट धरत नाही. फ्रीजमध्ये थोडं आवळतं, पण वडी होत नाही.

म्हणजे प्रमाण कितीही बदललं तरी उत्तर तिथे सापडणारच नव्हतं, कारण चूक क्रमात होती.

आता मी करतो ते असं

एक वाटी बारीक बेसन (माझी वाटी २०० मिलिची, बेसन साधारण १०० ग्रॅम भरतं). कोरड्या कढईत मंद आचेवर सहा-सात मिनिटं भाजायचं, फक्त कच्चा वास जाऊन खमंग वास सुटेपर्यंत. लाडवासारखं तांबूस करायचं नाही. जास्त भाजलेल्या पिठाची घट्ट धरण्याची ताकद कमी होते, शिवाय रंग जातो. गार करून चाळायचं. एक वाटी गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या आणि अर्धा तास तसंच ठेवायचं. दोन वाट्या पाण्याला पाऊण चमचा मीठ, पाव चमचा हळद आणि दोन चमचे तेल घालून उकळी आणायची, त्यात कालवलेलं पीठ ओतायचं आणि ओतताना रवी चालू ठेवायची.

दोन मिनिटांत ते घट्ट होतं आणि झालंसं वाटतं. झालेलं नसतं. आच अगदी मंद करून, उलथन्याने तळ खरवडत आणखी पंधरा ते वीस मिनिटं घोटायचं. मध्ये पाच-पाच मिनिटं झाकण ठेवलं तर हात वाचतो आणि हातावर चटकेही बसत नाहीत (घट्ट बेसन उकळताना ज्वालामुखीसारखं उडतं). परीक्षा सुरळीच्या वड्यांचीच: ताटलीच्या मागच्या बाजूला थोडं पसरा, मिनिटभर थांबा, कडेने अख्खं सुटलं तर शिजलं. जिभेवर ठेवून बघा, कच्चट लागता कामा नये.

मग तेल लावलेल्या ताटलीत किंवा त्याच पातेल्यात थापायचं, वरून तेलाचा हात फिरवायचा. ही पायरी गाळू नका. वर तेल नसेल तर पापुद्रा धरतो, आणि कुस्करल्यावर त्या पापुद्र्याचे चिवट तुकडे दाताखाली येतात. मी दोन-तीनदा त्यांना गुठळ्या समजून कालवण्याच्या पद्धतीला शिव्या घातल्या होत्या.

पूर्ण गार होऊ द्या. खोलीच्या तपमानाला आलं की फ्रीजमध्ये तीन-चार तास, किंवा रात्रभर. एतिये रात्रभर ओट्यावरच ठेवतात, पण अदिस अबाबा साधारण २,३५० मीटर उंचीवर आहे, तिथली रात्र बाराही महिने गार. पुण्यातल्या एप्रिल-मेमध्ये तसं ठेवलं की सकाळी आंबूस वास येतो. शिजवलेलं पिठाचं कालवण उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको. आंबलं असेल तर लिंबू घालून ते झाकायचा प्रयत्नही नको, सरळ टाकून द्या.

सकाळी चौकोनी तुकडे करा आणि हाताने किंवा पावभाजीच्या मॅशरने मोडा. आधी दोन मोठे चमचे लिंबाचा रस, मग तीन मोठे चमचे तेल, थोडं थोडं. मग पाणी, एका वेळी एक चमचा. मला साधारण पाच-सहा चमचे लागतात. भुर्जीसारखं मोकळं हवं असेल तर पाणी घालूच नका, काट्याने मोडून तेल-लिंबू चोळा आणि थांबा. बऱ्याच घरी तसंच करतात. चमच्याने उचलता येईल असं गुळगुळीत हवं असेल तर आता मिक्सर फिरवा. आता झाकण उडत नाही.

प्रमाण बरोबर आहे, क्रमही बरोबर, तरी पाणी सुटतंय

नव्वद टक्के वेळा कांदा. कच्च्या कांद्याला मीठ लागलं की पाणी सुटणारच, कोशिंबिरीचा अनुभव सगळ्यांना आहे. आपण तो बुतिच्यात मिसळून रात्रभर ठेवतो आणि सकाळी बेसनाला दोष देतो. एक सोपी परीक्षा सांगतो: अर्धा भाग कांदा घालून एका वाटीत, अर्धा बिनकांद्याचा दुसऱ्या वाटीत. सकाळी फक्त पहिल्या वाटीत पाणी दिसलं तर कांदा. दोन्हीत दिसलं तर पीठ कमी शिजलं किंवा पाणी जास्त पडलं.

कांद्यावर उपाय म्हणजे वाढायच्या वेळीच घालणं. पाहुणे येणार आणि सगळं आधी करून ठेवायचं असेल तर बारीक चिरलेल्या कांद्याला मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा, घट्ट पिळा, मग घाला आणि बुतिच्यातलं मीठ तेवढं कमी करा. चव जराशी उतरते, पण तळं होत नाही.

पीठ कमी शिजलं असेल तर ते आता सुधारणार नाही. गाळून वरचं पाणी काढा आणि संध्याकाळी त्याचंच पिठलं करा.

कच्चट चव

याला दोन कारणं असतात, आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात. एक, शिजवण्याचा वेळ कमी. आपण पिठल्याला पाच-सात मिनिटं देतो आणि ते खपून जातं, कारण फोडणी, कोथिंबीर आणि गरमपणा सगळं झाकतात. गार पदार्थात लपायला जागा नसते. वहीत मी ‘४० मिनिटं’ असं लिहिलं होतं आणि पुण्यात ते मला अती वाटायचं. नंतर डोक्यात आलं की अदिसच्या उंचीवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे तिथे डाळीचा कच्चेपणा जायला वेळ जास्त लागतो. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, भाजलेल्या पिठाला वीस मिनिटं पुरतात. न भाजता करणार असाल तर अर्धा तास धरा.

दुसरं कारण, बेसन जुनं. दुकानातलं बेसन किती दिवसांचं आहे हे पिशवीवरच्या तारखेपेक्षा नाकाला जास्त कळतं. खवट वास भाजून जात नाही, उलट वाढतो. चिमूटभर कच्चं पीठ जिभेवर ठेवा. मागाहून कडू लागलं तर भज्यांनासुद्धा वापरू नका. मी आता चण्याची डाळ गिरणीतून बारीक दळून आणतो, एका वेळी अर्धा किलो. लाडवाचं जाडं बेसन इथे चालत नाही, कितीही शिजवलं तरी रवाळ राहतं.

डाळ्याचं पीठ वापरलं तर शिजवायची कटकट वाचेल अशी एक युक्ती माझ्याही डोक्यात येऊन गेली. वाचते, पण माझ्या हातून ते कधीच नीट धरलं नाही. लापशी होते आणि चव चटणीच्या डब्याची लागते. काबुली चणे उकडून वाटलेत तरी हरकत नाही, खायला छान लागतात, पण तो मग तीळ न घातलेला हमस झाला.

कडवटपणा

हा प्रकार जरा जास्त वेळ मागतो, कारण कडू व्हायच्या वाटा तीन आहेत.

मोहरी. तिकडे वाटलेल्या मोहरीला सेनाफिच म्हणतात आणि ती नाकात जाते, कडू लागत नाही. आपण मोहरी मिक्सरमध्ये फिरवून लगेच लिंबात टाकतो. मोहरीचा झणका पाणी लागल्यावर हळूहळू तयार होतो, आणि आंबट पडलं की ते काम मंदावतं. मग झणका येत नाही आणि नुसता कडवटपणा राहतो. पूड गार पाण्यात कालवून पंधरा मिनिटं ठेवा, मग घाला. गरम पाणी नको, त्याने झणका उठायच्या आधीच मरतो. पिवळी मोहरी वापरलीत तर अजून सौम्य. वाटीभर पिठाला अर्धा चमचा पूड पुरे.

तेल. ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये जोरात फिरवलं तर कडवट होऊ शकतं, म्हणून ते शेवटी हाताने घाला. फ्रीजमध्ये ते गोठून पांढरे कणही दिसतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण खरं सांगायचं तर ऑलिव्ह कशाला? इथिओपियाचं जुनं घरगुती तेल म्हणजे नूग. नूग म्हणजे आपले कारळे, खुरासणी! या पिकाचं मूळ घर इथिओपियाचा डोंगराळ भाग, शास्त्रीय नावातही ‘अबिसिनिका’ आहे (अबिसिनिया हे इथिओपियाचं जुनं नाव). तिथून ते आपल्याकडे कधीकाळी येऊन डोंगराळ भागातल्या शेतांत रुजलं. ताजं खुरासणीचं तेल घाण्यावर मिळालं तर लहान बाटली घ्या, लवकर खवट होतं. मला पहिल्यांदा त्या वासाने थेट एतियेंच्या ओट्यापाशी नेलं. नाही मिळालं तर सूर्यफूल. शेंगदाण्याचं घाण्याचं तेल मात्र स्वतःचीच चव पुढे करतं.

तिसरी वाट बेरबेरेची. मूळ बुतिच्यात तिखटपणा हिरव्या मिरचीचा असतो. वरून लाल बेरबेरे मसाल्याचं तेल घालणं ही माझी आवड, आणि बऱ्याच जणांची असते. चूक अशी होते की आपण कडकडीत तेलात मसाला टाकतो, पळीतल्या फोडणीसारखा. बेरबेरेत मिरचीबरोबर मेथी, ओवा, कलौंजी, आलं-लसूण, कोरेरिमा नावाची तिकडची वेलची असं बरंच काही बारीक पूड होऊन असतं. ते दहा सेकंदांत जळतं, आणि जळलेली मेथी सगळ्या ताटाची वाट लावते. त्यांची रीत वेगळी. कांदा आधी तेलाशिवाय परततात, मग तेल, मग मसाला, आणि मसाला कोरडा पडतोय असं वाटलं की पाण्याचा हबका. तासभरसुद्धा चालतं हे. आपल्याला इतकं नको. दोन चमचे तेल कोमट करा, एक चमचा बेरबेरे एक चमचा पाण्यात कालवून त्यात घाला, अगदी मंद आचेवर पाच-सहा मिनिटं. पाणी आटून तेल लालभडक सुटलं की उतरवा. गार करून वर ओता.

बेरबेरे मिळत नसेल तर कांदा-लसूण मसाला घालायचा मोह आवरा. त्यातलं खोबरं आणि तीळ ताटाचा मुलूखच बदलतात. ब्याडगीची पूड चार चमचे, लवंगी एक, सुंठ अर्धा, भाजलेली धणेपूड अर्धा, ओवा आणि कलौंजी पाव-पाव, मेथीपूड फक्त दोन चिमटी, मसाला वेलदोड्याचे दाणे दोन वेलदोड्यांचे, लवंगा दोन, दालचिनी नखभर. अगदी तसं होत नाही, पण घराणं तेच राहतं.

गुठळ्या

याबद्दल फार लिहीत नाही, पिठलं करणाऱ्या कुणालाही माहीत आहे. शिरोचं पीठ तिकडे उकळत्या रश्श्यात वैरतात, आणि ते आधीच भाजलेलं असल्यामुळे निभतं. कच्चं बेसन तसं वैरलं तर गोट्या. पडल्याच, तर गरम असतानाच मोठ्या गाळण्यातून पळीने दाबून काढा. गार झाल्यावर गुठळी आणि मोडलेला दाणा यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, जिभेला कळतो.

तूप घातलं तर मऊ राहील का?

हा प्रश्न मला चार जणांनी तरी विचारलाय. गरम असताना राहील. गार झाल्यावर तूप थिजतं आणि टाळूला चिकटतं. इथिओपियात मसाले घालून कढवलेलं लोणी आहे, आणि शिरोत ते बिगरउपासाच्या दिवशी सढळ हाताने पडतं. बुतिच्यात नाही. उपासाचं म्हणून, आणि गार खायचं म्हणूनही.

दुसऱ्या दिवशीचं

लिंबू-तेल घालून मोडलेला बुतिचा फ्रीजमध्ये झाकून दोन-तीन दिवस नीट राहतो. आवळलेला दिसला तर अर्धा तास आधी बाहेर काढा, चमचाभर पाणी आणि दोन थेंब लिंबू घालून पुन्हा कुस्करा. गरम करू नका. गरम केलंत की जाळं नव्याने धरायची तयारी सुरू होते आणि तुम्ही पुन्हा पहिल्या घरात. फ्रीझरमध्येही नको, वितळताना पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे होतो.

कशाबरोबर खायचा? इंजेरा घरी करणं हे वेगळं प्रकरण आहे, तेफ या तिकडच्या बारीक धान्याचं पीठ आणि दोन-तीन दिवसांचं आंबवणं. मी नाचणीच्या आंबोळीबरोबर खातो. तडजोड वाटेल, पण नाचणीही मुळात तिकडच्याच डोंगरांतली, तिला तिथे दागुसा म्हणतात आणि तिचा इंजेराही करतात. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर गार बुतिचा मला आवडतो, एतियेंना सांगितलं तर त्या पुन्हा हसतील.

आणि एवढं करूनही एखाद्या दिवशी मोडायला वेळच झाला नाही, पातेल्यात तो दगड तसाच राहिला, तर आईचा उपाय आहे. तिने एकदा मी कामावर असताना फ्रीज उघडला, बोटाने दाबून बघितलं, वड्या पाडल्या आणि बिडाच्या तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस परतल्या. मी घरी आलो तेव्हा ताटलीत तीनच उरल्या होत्या.